बॅटरी

मिरकरवाड्यातली पोरं मला बॅटरी म्हणायची.
शिवलकर हे आडनाव फक्त पगाराच्या वहीत.
सागरिका टॉकीज, रत्नागिरी. एकतीस वर्षं.
दाराशी उभं राहायचं, तिकीट फाडायचं,
उशिरा येणाऱ्याच्या पायापुढे उजेडाची थाळी धरायची
आणि त्याची खुर्ची येईपर्यंत
ती सांडू द्यायची नाही.

आपल्याकडे वेळेवर येतो कोण?
मच्छीबंदीत होड्या शाकारून झाल्या की
खलाशी झुंडीने यायचे, नेपाळचे, कारवारचे,
भाषा निम्मी कळायची, हसायचे पूर्ण.
बाल्कनीतले वकील पान जमवून सव्वादहाला.
बायका पोरं निजवून.
त्यामुळे प्रत्येक खेळाची पहिली वीस मिनिटं
मी पडद्याकडे पाठ करून काढली.

शेवट मला पाठ.
कोण मरतं, कोण कुणाला माफ करतं,
कुठल्या वाक्याला थर्ड क्लास चिल्लर फेकतो
आणि ती बाकाखाली कुठवर घरंगळते.
सुरुवात मात्र एकाही सिनेमाची नाही.

रात्रीचा खेळ सुटला की मी आणि हसन फणसोपकर,
वर मशीन चालवायचा तो,
मांडवीपर्यंत चालत यायचो.
सुरुवातीला काय होतं रे, हसन?
तो विडी पेटवायचा. पुलापर्यंत काही बोलायचा नाही.
मग:
"एक बंदर असतं. पहाट.
जेटीवर एक बाई कंदील घेऊन उभी.
तिच्या पदराचं टोक तोंडात धरून पोरगा.
तोच पुढे हिरो.
होड्या येतात. सगळ्या येतात.
एक सोडून."

मारामारीचा सिनेमा असो, कॉलेजातला असो,
हसनच्या सुरुवातीला बंदर असायचंच.
एकदा म्हटलं, चंबळच्या डाकूला कुठलं रे बंदर?
"लहानपणी होतं," म्हणाला.
"मग गेला तो घाटावर."

हसन गेला. टॉकीज त्याच्याआधी.
तिथे आता टाइल्सचं दुकान आहे,
उतारावरची जमीन तेवढी तशीच, पडद्याकडे कललेली,
सगळे कमोड एका दिशेने जरा वाकून बघतात.

मुलीने फोनवर जुने सिनेमे लावून दिले,
अगदी पहिल्यापासून.
एकातही बंदर नव्हतं.
कुणी गाडीतून उतरतं, कुणाची पुस्तकं पडतात.
मी मोठ्याने हसलो, मग फोन उपडा ठेवला.
हसनचा बाप कधी गेला, कसा गेला,
मी कधी विचारलंच नव्हतं.
एकतीस वर्षं नुसता सिनेमा विचारत राहिलो.

साळवी स्टॉपला मॉल झालाय. तिसऱ्या मजल्यावर तीन पडदे.
तिकीट जावयाच्या मोबाईलमधलं, फाडायला काही नाही.
पायऱ्यांनाच दिवे.
माझं काम पायऱ्या करतात, बिनपगारी,
आणि एकीलाही कुणी नाव ठेवलेलं नाही.
लाह्या अडीचशे रुपये. गारठा कानटोपीचा.
खुर्चीत ढेकूण नाही म्हणून नीट बसवेना.

अर्धा तास आधी जाऊन बसलो होतो, सुरुवातीसाठी.
सोन्याच्या दोन जाहिराती, गुडघ्याच्या तेलाची एक,
तंबाखू, राष्ट्रगीत,
मग झाला सुरू.
खरं सांगतो, विशेष काही नव्हतं.
एक मोठं शहर वरून दिसतं. गाड्या जातात.

वीस मिनिटांनी एक मुलगी धडपडत आत आली.
मी अर्धा उठलो, हात खिशाकडे गेला,
खिशात चष्म्याचं घर.
ती शेजारीच बसली, धापा टाकत.
"आजोबा, काय झालं आत्तापर्यंत?"

पडद्यावर काचेचं ऑफिस होतं, कुणीतरी लिफ्टमध्ये रडत होतं.

"एक बंदर होतं," मी म्हणालो.
"पहाटेचं. एक बाई कंदील घेऊन उभी होती."

"मग?"

"मग होड्या आल्या."

"सगळ्या?" तिने विचारलं,
लाह्यांचा डबा माझ्याकडे सरकवत.